देवळीतला तांब्या

आई, तुला पणती झाली हे सांगायचं राहूनच गेलं. अडीच वर्षांची आहे. तू गेलीस तेव्हा जो पाळण्यात होता, त्या माझ्या मुलाची ही मुलगी. तो शिक्रापूरला कंपनीत आहे, हायवेपासून जरा आत दुसऱ्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेऊन तिघं राहतात. मी अजून दौंडलाच, रेल्वेत. गावाकडं तुझा धाकटा आहे. कांदा करतो, येमाईच्या पालखीला पुढं असतो आणि अजूनही भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं खातो. घरातली पोरंसोरं, सुना, सगळे त्याला तात्या म्हणतात. तुला पत्र लिहावं असं आजवर कधी वाटलं नव्हतं. तुझ्याशी जे बोलायचं ते मी देवासमोर हात जोडून बोलतो आणि ते पोचत असावं असं धरून चालतो. या वेळचं मात्र तसं बोलता येईना. यात देवीचाही थोडा भाग आहे, आणि तिच्याच समोर उभं राहून ते कसं बोलायचं, म्हणून लिहायला बसलो.

घट बसायच्या आधी घर धुऊन काढायचं, हे तुझ्या वेळचं अजून चालू आहे. शिक्रापूरच्या त्या एका खोलीत धुवायला फार काही नाही, पण तिथलं वापरायचं पाणी बोअरचं, जड. बादलीला, फरशीला, नळाला पांढरा थर बसतो. साबणानं निघत नाही, घासून घासून नखं झिजतात. मग बाया ॲसिड वापरतात. रस्त्यानं हातगाडीवाला येतो आणि कॅनमधून सुटं ओतून देतो. बाटली आपली द्यायची. आपली म्हणजे घरात रिकामी असेल ती. सूनबाईनं थंड पेयाची बाटली दिली होती, तीच, जी पाहुणे आले की त्या घरात फोडतात आणि पोरगी जिच्याकडं बघून टाळ्या पिटते. तशी सूनबाई निष्काळजी नाही. ती बाटली माळ्यावर बॅगांच्या मागं असायची आणि मोरी धुवायच्या दिवशीच खाली यायची. त्या दिवशी ती खाली आली होती, झाकण काढलेलं होतं, आणि जिन्यातून कुणीतरी ओरडलं, 'पाणी आलं.' पिण्याचं पाणी तिथं एक दिवसाआड येतं, तेही थोडा वेळ, आणि ज्याचा हंडा नळाखाली नाही त्याला ते मिळत नाही. ती दोन हंडे घेऊन खाली पळाली. पोरगी भातुकली मांडून बसली होती. हंडे भरून सूनबाई वर येतेय तोवर किंकाळी ऐकू आली.

फार पोटात गेलं नव्हतं. पहिल्या घोटालाच तिनं बाटली टाकून दिली. ओठ, जीभ, हनुवटी भाजली होती आणि फरशीवर सांडलेलं नुसतं फसफसत होतं. शेजारची बाई बिहारकडची, मनानं चांगली. ती धावत मिठाच्या पाण्याचा ग्लास घेऊन आली. 'नमक का पानी पिला दो, उलटी हो जाएगी.' सूनबाईनं तो ग्लास हातानं बाजूला केला. म्हणाली, 'उलटी न्हाई करायची. जाताना एकदा भाजतं, येताना परत भाजतं.' तिनं पोरीचं तोंड साध्या पाण्यानं पुन्हा पुन्हा खळखळून काढलं, भिजलेला झगा उतरवला, अंगावर पाणी ओतलं, ती बाटली पिशवीत घातली आणि रिक्षा करून दवाखाना गाठला. तिथून पुण्याला. हे सगळं तिला कुठून माहीत होतं, ते तुला सांगायचं तर आधी तुझंच सांगायला लागतं.

तुला आठवत असेल, शिरूरला बायकांसाठी साबण करायचा वर्ग निघाला होता. तू आठवडाभर एसटीनं गेलीस. आमच्या वडलांना, आप्पांना, ते पटलं नव्हतं, पण तू गेलीस. त्या आठवड्यात तू जशी दिसायचीस तशी मी तुला पुन्हा पाहिली नाही. घरी येऊन तू आम्हाला शिकवून दाखवायचीस. कॉस्टिकचे पांढरे खडे पाण्यात टाकायचे, पाणी जाळाशिवाय आपोआप तापतं, ते गार होऊ द्यायचं, मग तेलात ओतायचं आणि एकाच दिशेनं ढवळायचं. जर्मनच्या, ॲल्युमिनियमच्या भांड्यात करायचं नाही, भांडं काळं पडतं. तुझ्या साबणाला कडुलिंबाच्या पाल्याचा हिरवा रंग असायचा आणि तू त्याच्या वड्या दोऱ्यानं कापायचीस. गल्लीतल्या बाया उंबऱ्यात येऊन वडी नाकाला लावून बघायच्या. एक चुलतीच तेवढी म्हणायची, 'आता भाकरीऐवजी साबण थापा घरात.' तू हसून तिच्याही हातात एक वडी द्यायचीस.

ते पाणी गार व्हायला ठेवायचं तर आपल्या दोन खणांच्या घरात जागा कुठं होती. चुलीपाशी आम्ही, पडवीत शेरडं, ओट्यावर आप्पांची माणसं. तू विचार करून जागा शोधलीस. भिंतीतली देवांची देवळी. उंच, आणि अंघोळ केल्याशिवाय तिथं कुणी हात लावत नाही. विष ठेवायला देवाच्या राखणीइतकी सुरक्षित जागा कुठली, असं तुला वाटलं असणार, आणि कुणालाही वाटलं असतं. तू स्टीलचा तांब्या भरलास, वर ताटली झाकलीस आणि देवांच्या मागं सारलास. पण तूच आम्हाला रोज अंघोळ झाली की त्याच देवळीतून तीर्थ द्यायचीस. धाकट्याला इतकंच ठाऊक होतं की देवळीत जे पाणी असतं ते ओंजळ पुढं करून घ्यायचं, पिऊन हात डोक्यावरून फिरवायचा. त्या सकाळी त्याची अंघोळ झाली होती. त्याच्या दृष्टीनं त्याचं काही चुकलं नव्हतं. बाजरीच्या पोत्यावर चढून त्यानं तांब्या काढला, तळहातावर थोडं घेतलं आणि प्यायला.

त्या वेळी तू कुठं होतीस ते मला माहीत आहे. मी तिथंच होतो. आप्पा खळ्यावर बाजरी भरत होते आणि त्यांनी हाक मारली होती, 'अगं, पोतं धराय ये की, पोराला पेलंना.' तो पोर मी. तू हातातलं काम टाकून आलीस आणि पोत्याचं तोंड धरलंस. घरातून ओरडणं ऐकू आलं तेव्हा तुझे दोन्ही हात पोत्यात होते. मग सगळे धावले. चुलतीनं मिठाचं पाणी करून त्याच्या घशात ओतलं, बोटं घालून ओकायला लावलं, कारण विषावर तेच करायचं असं गावाला माहीत होतं. जे एकदा खाली जाताना भाजलं होतं ते वर येताना दुसऱ्यांदा भाजलं. शिरूर, मग पुणं. डॉक्टर म्हणाले, तांब्या तोंडाला लावला असता तर पोरगं हाती लागलं नसतं. तीर्थासारखं घेतलं म्हणून वाचला. पण गळा आतून आवळत गेला. किती वर्षं तू त्याला घेऊन पुण्याच्या वाऱ्या केल्यास, नळी घालून गळा रुंद करून घ्यायला. त्याच्या उजव्या तळहातावर अजून तो गुळगुळीत डाग आहे.

आप्पांनी दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत, तुला एकच विचारलं. 'तुझं लक्ष कुठं व्हतं?' तू खाली बघितलंस. तुझं लक्ष त्यांच्या पोत्यात होतं, त्यांच्याच हाकेला तू गेली होतीस, हे तू त्या दिवशी बोलली नाहीस आणि पुढंही कधी बोलली नाहीस. आपल्या घरात ते वाक्य मग म्हणीसारखं झालं. दूध उतू गेलं, शेरडू सुटलं, काहीही झालं की कुणीतरी ते म्हणायचं आणि तू मान खाली घालायचीस. साबणाचं सामान तू स्वतःच उचलून गोठ्याच्या पलीकडं खड्डा करून पुरलंस. कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग तू येमाईला बोललीस. पोरगं कडक भाकरी खाईल तवाच मी खाईन.

आम्हाला आधी कळलंच नाही. तू भाकरी पाण्यात बुडवून, मऊ करून खायचीस, आणि चुलत्याला वाटायचं तुझे दात गेले. मग चुलतीला कळलं आणि तिच्याकडून गावाला. तिनंच सगळीकडं सांगितलं, आई असावी तर अशी. देवळात बाया तुला वाट करून द्यायला लागल्या. आप्पांचा आवाज उतरला. ते वाक्य घरातून हळूहळू गेलं. मला तेव्हा वाटायचं, देवीनं ऐकलं, घरात शांतता आली. आता या वयात बघतो तेव्हा वाटतं, तुझ्या उपासानं सगळ्यांचं पोट भरलं. कुणाला तरी शिक्षा झाली होती, तीही आपण न देता, आणि वर तिला भक्तीचं नाव होतं. मग कुणाला काही बोलायचं कारण उरलं नाही. तुझं काही चुकलं नाही, हे सांगायचंसुद्धा. आणि धाकट्याचा गळा काही कडक भाकरीइतका उघडला नाही. तू गेलीस त्या दिवशीही तुझ्या ताटात भिजवलेलीच होती.

आता पुण्याच्या दवाखान्यातलं. दुर्बीण घालून बघितल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, गळ्याला वरवर लागलंय, भरून येईल, पण परत तपासायला लागेल. उलटी करवली नाहीत आणि बाटली बरोबर आणलीत हे फार बरं केलंत. सूनबाईनं तेव्हा पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकली. आणि माझा मुलगा, कंपनीच्या कपड्यांत तसाच आलेला, तिच्याकडं बघून म्हणाला, 'ते सगळं ठीक हाय. पण तुझं लक्ष कुठं होतं?' आई, त्यानं आप्पांना नीट पाहिलेलंही नाही. हे वाक्य त्याला कुणी शिकवलं? मी दोन पावलांवर उभा होतो. मला बोलायचं होतं. सूनबाईनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी पाण्याची बाटली आणायला म्हणून खाली गेलो.

पोरीला घरी सोडलं तेव्हा नवरात्र सुरू झालं होतं. मी रजा टाकून शिक्रापूरलाच राहिलो. पोरगी गार दूध, पातळ खिमटी असं घ्यायला लागली होती, रडत का होईना. सूनबाई मात्र काही खात नव्हती. पाणी आणि दिवसातून एकदा कपभर चहा. विचारलं तर म्हणाली, 'मामा, ती नीट जेवाय लागेपर्यंत मी अन्न घ्यायची न्हाई. बोललेय मी देवीला.' आणि मी काय म्हणालो? काही नाही. मनात मात्र बरं वाटलं. सून संस्काराची आहे, असं वाटलं. मुलगाही तिच्याशी जरा नरमाईनं बोलायला लागला होता. खोलीत शांतता आली होती.

मग एका दुपारी, मुलगा शिफ्टवरून येऊन बसला होता तेव्हा, तात्या आला, गावाहून एसटीनं, फडक्यात भाकरी आणि पिठलं बांधून. आल्या आल्या पोरीला जीभ काढून दाखवायला लावली, स्वतःची दाखवली, तळहाताचा डाग दाखवला. म्हणाला, 'ही बघ माझी शाळंची पाटी. तुझी हनुवटीला हाय.' पोरगी त्या डागावर बोट फिरवत बसली. सूनबाई त्याच्यासाठी दूध तापवायला उठली, तसा तो म्हणाला, 'मला मागनं दे. आधी तू बस. भाकरी घे.'

'माझा उपास हाय, तात्या.'

'नवरात्राचा?'

मी म्हणालो, 'पोरीसाठी धरलाय तिनं.' आणि माझ्या आवाजातलं कौतुक माझं मलाच ऐकू आलं.

तात्यानं माझ्याकडं बघितलं. 'दादा, तुला अजून कळलं न्हाई व्हय.' मग तिच्याकडं वळला. तिला त्याची गोष्ट ठाऊकच होती. लग्नात जेवायला बसल्यावर त्याच्या ताटातली पुरी तशीच बघून तिनं विचारलं होतं आणि त्यानं हसत हसत सगळं सांगितलं होतं. मिठाचं पाणी, ओकारी, दोनदा भाजणं. तेच तिला वेळेला आठवलं. पण आता जे सांगितलं ते त्यानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

'माझ्या आईनं माझ्यापायी भाकरी सोडली, हे मला शाळंत जाय लागल्यावर कळलं. चुलतीनंच सांगितलं, लई कौतुकानं. म्हणली, तू भाकरी खाल्लीस की तुझी आई खाईल. मग मी काय करायचा, सांगू? तव्यावरची पापुद्र्याची भाकरी चड्डीत खुपसून गोठ्यामागं जायचा आन् गिळायचा. आईचा उपास सुटावा म्हणून. दोन येळा अडकली. एकदा म्हशीच्या दावणीला डोकं आपटत बसलो, डोळं पांढरं झालं, मग आपोआप निसटली. घरात येऊन पेज प्यालो.'

मी विचारलं, 'मला का नाही सांगितलंस कधी?'

'तुला काय सांगू. तू तिच्या नवसाचं कीर्तन करत फिरत व्हतास. सगळं गाव तिच्या पाया पडत व्हतं. त्यात मी म्हणू का, आई, तुझ्या उपासानं माझा जीव जातुया?' हे सांगतानाही तो हसला. मग सूनबाईला म्हणाला, 'पोरी, तुझी लेक उद्या मोठी व्हईल. तिला कुणीतरी सांगणारच, तुझ्या आईनं तुझ्यापायी काय काय सोडलं. ते वझं तिच्या डोक्यावर ठिवू नको. पाणी आलं व्हतं, तू हंडा घेऊन पळाली. झाकण लावायचं राहिलं. ते पुढं ऱ्हाणार न्हाई, बास. त्याला देवीचं काय काम.'

सूनबाई आता रडत होती, आवाज न करता. तात्या मुलाकडं वळला. 'आन् तू रं. पाणी आलं तवा तू कुठं व्हतास?'

'कंपनीत, तात्या. फस्ट शिफ्ट.'

'मग हंडा कुणी भरायचा? कंपनीनं?'

मुलानं दाराशेजारच्या हंड्यांकडं बघितलं. तात्याचं चालूच होतं.

'त्या सुट्या ॲसिडाला हितनं पुढं या घरात जागा न्हाई. लागलंच तर दुकानातनं शिक्क्याच्या डब्यातलं आण, त्याच डब्यात ठिव, आन् कुलपात ठिव. थंडाच्या बाटलीत न्हाई, माळ्यावर न्हाई, देवापाशी तर न्हाईच न्हाई. आन् कुलूप न्हाई जमत तर ठिव ती फरशी पांढरी. पांढऱ्या फरशीनं कोण मेलं न्हाई अजून.'

मुलगा उठला. वाटलं बाहेर जातोय. पण त्यानं मांडणीवरचं ताट घेतलं, फडकं सोडलं, भाकरी ठेवली, पिठलं वाढलं आणि ताट तिच्यापुढं सरकवलं. तिच्याकडं न बघता म्हणाला, 'मला तसं म्हणाय नको होतं.' मग तिनं भाकरीचा कडेचा तुकडा मोडला आणि खाल्ला. पोरगी तिच्या मांडीवर चढून 'मला, मला' करायला लागली, तशी तिनं थोडी दुधात चुरली. आम्ही तिघं पुरुष तिला जेवताना बघत बसलो होतो. तात्या म्हणाला, 'आता बघत काय बसलाय, तुम्ही बी घ्या की.'

मी दौंडला परत आलो. सूनबाईला मी अजून काही बोललेलो नाही. परवा फोनवर ती म्हणाली, 'मामा, पोरगी आज वरणभात खाल्ली.' मी म्हणालो, 'बरं झालं. तू जेवलीस का?' तिला एवढ्यावरून कळलं असेल, असं मी धरून चालतो. धरून चालण्यातच माझा जन्म गेला.

हा कागद मी कुठं ठेवणार नाही आणि नदीत सोडणारही नाही. लिहून झाला की फाडून टाकेन. घरात कुणी वाचला तर त्यांना वाटेल, मी तुझ्या नवसाला बोल लावतोय. तसं नाही. सप्त्यात चार माणसं जमली की तुझा तो नवस मी भक्तीचा दाखला म्हणून किती वेळा सांगितला, आणि लोकांनी माना डोलावल्या. पण आई, मला तो कधी आवडला नव्हता. संध्याकाळी चुलीपुढं आपण दोघंच असायचो, धाकटा पेज पिऊन झोपलेला, आप्पा अजून यायचे. तू तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकायचीस आणि तुझी पाण्यात बुडवायचीस. मला रोज वाटायचं, आज तरी म्हणावं, आई, नको बुडवूस, आपण दोघं कांदा फोडून खाऊ. माझा गळा धड होता आणि मलाही तू हवी होतीस. देवीचा कोप होईल म्हणून म्हणालो नाही. अजूनही तिच्यासमोर म्हणवत नाही, म्हणून हे इथं. तू जेवायला हवं होतंस.